शाळेपुरती आई

माझा मोठा मुलगा मला वहिनी म्हणायचा. साडेतीन वर्षांचा झाला तरी म्हणायचा, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता नातवंडांना हे सांगितलं की ती माझ्याकडे अशी बघतात, जणू त्यांच्या बापाला मी बाजारातून आणलं होतं. म्हणून नीट सांगते.

आम्ही तेव्हा डोंबिवलीला राहत होतो. पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. कौलारू बैठं घर, पुढे पडवी, मागे विहीर, आणि तिच्या पलीकडे ठाकुर्लीच्या बाजूला भाताची खाचरं. घरात सासूसासरे, आमचे हे, दोन धाकटे दीर, एक नणंद, मी आणि हा मुलगा. हे भावंडांत थोरले, म्हणून त्यांना सगळे दादा म्हणत. थोरल्याची बायको म्हणून मला सगळे वहिनी म्हणत. सासूबाईंना सगळे आई म्हणत, आणि त्या सगळ्यांत मीही आले. मूल काय, कानावर पडेल ते उचलतं. त्याने बापाला दादा केलं, आजीला आई केलं आणि मला वहिनी करून मोकळा झाला. त्याच्या समजुतीप्रमाणे तो त्या घरातला सगळ्यात धाकटा दीर होता, आणि त्याचा तोराही धाकट्या दिराचाच होता.

असं तेव्हा घरोघर चाले. जन्मदात्रीला मुलं काकू म्हणत, मामी म्हणत, अक्का म्हणत. कुणाचं काही अडत नसे. माझं अडलं, कारण मी मॅट्रिक होते. नुसती बसलेली नव्हे, पास. ही गोष्ट मी सासरी कुणाला विसरू दिली नव्हती. पोस्टाने मला एक मासिक यायचं, त्यात मुलं कशी वाढवावीत यावर दोन पानं असत. ती वाचून मी सासूबाईंना सल्ले द्यायची. त्यांची पाच मुलं हातीपायी धड होऊन मोठी झाली होती, त्यातली एक तर नांदायलाही गेली होती, आणि मी त्यांना सांगायची, मुलाला दूध कसं पाजावं. त्या शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, “असं का.” त्यांचं ते “असं का” अंगाला झोंबायचं, पण झोंबतंय हे मान्य करण्याइतकी अक्कल मला अजून यायची होती.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या भागात एक बालवर्ग निघणार असल्याचं कळलं. एका बंगलीच्या मागची मोठी खोली, रंगीत लाकडी ठोकळे, मुलांच्या हातात मावतील असे छोटे झाडू, छोटी तपेली. चालवणाऱ्या बाई कुठेतरी जाऊन खास शिक्षण घेऊन आलेल्या. त्यांचं पाचवारी पातळ, मनगटावर घड्याळ आणि प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबण्याची पद्धत बघून मी पाघळलेच. आपला मुलगा इथेच घालायचा, हे मी त्यांनी तोंड उघडण्याआधी ठरवून टाकलं.

नाव घालायला सगळ्या आयांना मुलांसकट बोलावलं होतं. बाईंनी जाजमावर बसवून आम्हाला तयारी सांगितली. मुलाला आपली चप्पल आपल्याला घालता यावी, शू लागली तर सांगता यावी, नाक आलं तर रुमालाला पुसता यावं, बाहीला नव्हे. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “पहिले काही दिवस मुलं रडतात. आम्ही त्यांना रागवत नाही. फक्त सांगतो, आई येईल हं. आई हा शब्द कानावर पडला की मूल शांत होतं.”

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जास्त मी डोलावली. तेवढ्यात माझ्या चिरंजिवांनी पदर ओढला आणि खणखणीत आवाजात विचारलं, “वहिनी, ह्या बाई मधे मधे थांबतात का गं? विसरतात का?”

बाई गोड हसल्या. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, अंगावर चांगली जरीकाठी, मांडीवर मुलगी. मुलगी घडोघडी “आई, चल ना, आई, कंटाळा आला” असं म्हणत होती आणि प्रत्येक वेळी त्या बाई दागिना अंगावर चढवल्यासारख्या सावरून बसत होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “पुतण्या का हो तुमचा? गोड आहे.”

“हो,” मी म्हटलं, “गोड आहे.”

म्हणजे बघा, अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आणि बाकीचा अर्धा तसाच जाजमावर ठेवून घरी आले. हा माझा मुलगा आहे हो, मला वहिनी म्हणतो एवढंच, असं सांगायला काय जात होतं? जीभ झडत नव्हती. पण मला त्या खोलीत एकदम गावंढळ वाटलं. घरी येईपर्यंत त्या वाटण्याचं रूपांतर हट्टात झालं होतं. जूनमध्ये बालवर्ग उघडेल तेव्हा ह्याने त्या दारात, त्या बाईंच्या देखत, मला आई म्हणून हाक मारली पाहिजे. बस्स. चप्पल, शू आणि नाक ही तयारी मी नणंदेवर सोपवली आणि स्वतः ह्या मोठ्या कामाला लागले.

संध्याकाळी हे कामावरून आले, तेव्हा मी विषय काढला. पुतण्याचं प्रकरण अर्थातच गाळलं. मुलाच्या मनाच्या दृष्टीने मांडलं.

“तो मला वहिनी म्हणतो.”

“मग? वहिनीच आहेस ना तू,” हे वर्तमानपत्रातून म्हणाले.

“कुणाची? तुमची?”

“माझी कशी असशील?” त्यांनी पान उलटलं. “पण सगळ्यांची आहेस.”

“अहो, शाळेत त्याला आई येईल म्हणून सांगतील. तो कुणाची वाट बघेल? तुमच्या आईची.”

“आई जाईल की आणायला. तिला सांगतो.”

ह्या माणसाकडून मदत होणार नाही हे तिथेच स्पष्ट झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला पडवीत समोर बसवलं. मासिकात लिहिलं होतं, मुलाला कारण सांगावं, मूल कारणाला वश होतं. ते लिहिणाऱ्याला मूल होतं की नाही, हे मासिकात लिहिलं नव्हतं.

“हे बघ, मी तुझी आई आहे.”

तो हसला. “आई आत भाकरी करतेय.”

“ती दादांची आई. दादा तिच्या पोटातून आले. तू माझ्या पोटातून आलास.”

त्याने माझ्या पोटाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. “मग काका?”

“काकापण तिच्याच पोटातून.”

“आणि आत्या?”

“तीपण.”

“मग मी एकटाच तुझ्या का?” असं म्हणून त्याने भोकाड पसरलं. सगळे मिळून एका ठिकाणाहून आले आणि आपल्याला मात्र वेगळं काढलं, हे त्याला लागलं. सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, त्याला कडेवर घेतलं, आणि तो त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून “आई, आई” करत राहिला. म्हणजे पहिल्या दिवसाचा निकाल असा लागला, की होता तो पक्ष आणखी बळकट झाला.

मग मी कारण सोडलं आणि गूळ धरला. आई म्हणालास तर गुळाचा खडा. हे त्याला फार लवकर समजलं. इतक्या लवकर, की मी मनातल्या मनात त्याला पुढे वकील करून टाकला. तो समोर यायचा, हात पसरायचा, “आई” म्हणायचा, खडा तोंडात टाकायचा आणि त्याच तोंडाने म्हणायचा, “वहिनी, पाणी दे.” मी म्हटलं, असू दे, सवय लागेल. सवय लागलीच.

आठवडाभराने त्याला घेऊन मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. वाणी चांगला जाडजूड, कानावर केस, मिशा ओठांच्या खाली उतरलेल्या. त्याच्या शेजारी फडक्याखाली गुळाची ढेप. मुलाने ढेपेकडे बघितलं, वाण्याकडे बघितलं, हात पसरला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाला, “आई.”

वाण्याने तराजू खाली ठेवला. मी डाळीच्या पोत्यात तोंड घालायच्या बेतात होते.

“आई,” मुलगा पुन्हा म्हणाला, आणि आवाज ऐकू गेला नसेल म्हणून हात आणखी पुढे केला.

वाण्याने त्याला खडा दिला. काय करणार बिचारा, त्याला आयुष्यात तशी हाक कुणी मारली नसेल. नंतर मी गेले, की तो मान वर न करता विचारायचा, “बाळ कसं आहे आमचं?”

घरी हे कळल्यावर धाकट्या दिरांना सुट्टीचं कामच मिळालं. दोघेही कॉलेजात जात होते आणि दोघांनाही पोटभर हसायला कारण हवंच असे. एक स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारायचा, “आई, माझा सदरा कुठाय?” सासूबाई देवघरातून ओ द्यायच्या. “तू नाही गं, ही आई,” म्हणून तो माझ्याकडे बोट दाखवायचा, आणि हात पसरायचा. “मला गूळ?” नणंद हसून हसून विळीवरून उठून जायची. मी सगळ्यांना सांगितलं, मुलासमोर मला वहिनी म्हणू नका. मग काय म्हणू, असं त्यांनी विचारलं, तर त्याचं उत्तर मासिकात नव्हतं.

सासूबाई ह्या सगळ्यात काही बोलत नव्हत्या. फक्त एकदा गुळाच्या डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, “आई फार महाग पडायला लागली हो.”

गूळ बंद झाला. मे महिना उजाडला होता, आणि माझ्या अंगात नवा वारा शिरला. ठरवलं, त्याने वहिनी म्हटलं तर ओ द्यायचीच नाही. बघू किती दिवस टिकतो. ह्या निश्चयाची मला इतकी धन्यता वाटली, की मी तो मनात दोनदा शुद्ध भाषेत म्हणून पाहिला.

त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आणि मी गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवा, वाटा, चीक काढा, तो शिजवा, मग उन्हाच्या आत सोऱ्याने जुन्या लुगड्यावर घाला. खांदे भरून आलेले. मागच्या अंगणात बाजेवर पांढऱ्या कुरडयांची सुंदर रांगोळी झाली होती, आणि राखणीला मुलाला काठी देऊन बसवलं होतं. मी आत जरा पाठ टेकली.

“वहिनी,” बाहेरून हाक आली.

मी गप्प.

“वहिनी, अगं वहिनी.”

मी भिंतीकडे तोंड केलं. आई म्हण, मग येते.

“वहिनी, शेळी.”

शेळी हा शब्द मी ऐकला. खोटं कशाला सांगू. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. त्या वयात मला तत्त्वापुढे शेळी दिसत नसे.

“वहिनी, शेळी खाते आहे. आता दुसरी आली.”

मी उठून गेले तेव्हा दोन शेळ्या समोरासमोर उभ्या राहून पंगतीला बसल्यासारख्या जेवत होत्या, आणि मुलगा काठी मांडीवर ठेवून त्यांच्याकडे कौतुकाने बघत होता. “मी सांगत होतो,” तो म्हणाला. “तू झोपली होतीस का?”

“काठी कशाला दिली होती तुला?”

“काठी कावळ्यांची आहे.”

सासूबाई दारात आल्या. लुगड्यावर कडेकडेच्या कुरडया उरल्या होत्या, शेळ्यांनाही कडा आवडत नाहीत बहुधा. मला वाटलं आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. त्या बाजेच्या कडेवर बसल्या, उरलेल्या कुरडया सारख्या करू लागल्या, आणि वर न बघता म्हणाल्या, “त्याला तू बोल लावतेस, पण तो शिकला कुणाकडून ते कधी ऐकलंस?”

“दिरांकडून. दुसरं कुणाकडून?”

“ते दिवसभर बाहेर असतात. सकाळी डोळा उघडल्यापासून त्याच्या कानावर कुणाचा आवाज असतो? आई, मीठ किती घालू. आई, दूध तापवू का. आई, मी जरा पडू का.” त्यांनी माझी नक्कल इतकी हुबेहूब केली, की मुलगा टाळ्या पिटायला लागला. “दिवसभर तू मला आई म्हणतेस आणि त्याने मला म्हणू नये, म्हणजे त्याने करायचं काय? आधी तू थांब. मला सासूबाई म्हण. नाहीतर अहो म्हण. मग बघू तो काय म्हणतो ते.”

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द आला, “पण आई...”

त्या हसल्या. मग कुरडया उचलत म्हणाल्या, “हे बघ, माझं काही जात नाही. मला आई म्हणणारे घरात ढीगभर आहेत. ने हवं तर त्याची हाक.” आणि हे म्हणताना त्यांनी एक ओली कुरडई उगाचच मोडली. हे मी तेव्हा बघितलं, पण मला त्यात फक्त कुरडईचं नुकसान दिसलं.

त्याच आठवड्यात माझी आई कल्याणहून आली. आंबे घेऊन आली होती. मी तिला मागच्या दारी विहिरीपाशी नेऊन सगळी कर्मकहाणी ऐकवली. मूल पोटचं, नऊ महिने आपण वाहायचं आणि हाक दुसऱ्याला, वगैरे वगैरे. डोळ्यांत पाणीही आणलं. ती आंबे बादलीत सोडत ऐकत होती.

“झालं बोलून?”

“हो. तूच सांग काकू, मी काय करू?”

“काय म्हणालीस मला?”

“काकू.”

“मी तुझी काकू का?”

आमचं माहेरही एकत्र. चुलत भावंडं तिला काकू म्हणत, म्हणून मीही जन्मापासून काकूच म्हणत आले. पाळण्यात काकू, शाळेत काकू, लग्नात तिच्या गळ्यात पडून रडले तेही काकू काकू करून. एवढ्या वर्षांत त्यात काही चुकतंय असं माझ्या मनात आलं नव्हतं. मॅट्रिकच्या पेपरातही नाही.

“मी कधी तुला गुळाचा खडा दाखवला?” ती म्हणाली. “की हाकेला ओ दिली नाही? आंबे पुस. आणि ते नाकातलं रडणं बंद कर, सासूबाईंना वाटेल मीच काहीतरी शिकवून गेले.”

दोन्ही बाजूंनी असा मार बसल्यावर शहाण्या बाईने नाद सोडला असता. मी सोडला नाही. कारण जून जवळ आला होता आणि ती जरीकाठी रोज माझ्या डोळ्यांसमोर सावरून बसत होती.

शेवटी तोड सासूबाईंनीच काढली, आणि तीही टोमण्यातून. बालवर्ग उघडायला दोन-तीन दिवस राहिले होते. मी मुलाला दारामागे उभा करून घोकून घेत होते, तो भिंतीचे पोपडे काढत होता. त्या पोथी वाचत होत्या. पोथीतून मान काढून म्हणाल्या, “एवढं सगळं लोकांसाठीच चाललंय ना? मग त्याला सांग की, शाळेत जायचं तेव्हा आई म्हणायचं. घरात राहू दे आहे ते.”

“लोकांसाठी नाही हो आई,” मी फणकाऱ्याने म्हटलं. “मुलाच्या मनाला...”

“असं का,” त्या म्हणाल्या आणि पोथीत शिरल्या.

मी दिवसभर फुरंगटून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ घालताना मुलाला नेमकं तेच सांगितलं. शाळेत आई म्हणायचं, घरी आलं की वहिनी.

त्याने लगेच मान हलवली. एका झटक्यात. इतके दिवस गूळ खाऊन, शेळ्यांना जेवू घालून जे जमलं नव्हतं ते झालं. कारण असले नियम त्याच्या ओळखीचे होते. आमच्या घरात सोवळं कडक. बाहेरचे कपडे दारातच उतरवायचे, सासूबाई सोवळ्यात असताना त्यांना शिवायचं नाही, काकांची अंगणातली चप्पल पडवीच्या वर येता कामा नये. घरातलं वेगळं आणि बाहेरचं वेगळं, हे त्याला जन्मल्यापासून पाठ. आई ही वस्तू बाहेरच्या कपड्यांत मोडते, एवढंच त्याने लक्षात ठेवलं.

पहिल्या दिवशी मी त्याला इस्त्रीचा सदरा आणि नाडीची नवी चड्डी घातली. स्वतः ठेवणीतलं पातळ नेसले. बालवर्गाच्या दारात बायकांची गर्दी, त्यात ती जरीकाठी होतीच, मुलीला कवटाळून. मी मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बाई दारात होत्या. “चला, आईला टाटा करा,” त्या प्रत्येकाला म्हणत होत्या.

माझा मुलगा वळला, माझ्याकडे बघितलं, आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, “आई.”

आणि त्याने हात पसरला.

जुनी सवय. खडा कुठाय, म्हणून तो हाताकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. पण बाईंना वाटलं, मूल हात धरायला मागतंय. त्यांनी तो पसरलेला हात हातात घेतला, “किती शहाणा आहे बघा,” म्हणाल्या आणि त्याला आत नेलं. तो मान वळवून रिकाम्या हाताकडे बघत गेला.

“अगंबाई, तुमचाच का हा?” जरीकाठी म्हणाली. “त्या दिवशी मला वाटलं...”

“लोकांना काहीही वाटतं,” मी म्हटलं. हे वाक्य मी दोन महिने तयार करून ठेवलं होतं. वापरायला मिळालं आणि अंगावर मूठभर मांस चढलं.

नियम असा होता, की मूल आत गेल्यावर आयांनी निघून जायचं, हाक ऐकू आली तरी वळायचं नाही. अर्थात एकही गेली नाही. आम्ही सगळ्या कुंपणाशी पेरूच्या झाडाखाली उभ्या राहिलो. आतून रडं सुरू झालं. एका मुलाने “आई” म्हणून सूर लावला, दुसऱ्याने उचलला, आणि बघता बघता सगळी खोली आई आई करून घुमायला लागली. प्रत्येक बाई आपापला आवाज ओळखत होती आणि पदर डोळ्यांना लावत होती. मी टाचा उंचावून खिडकीतून बघितलं. माझा मुलगा रडत नव्हता. तो शेजारच्या मुलीच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग त्यानेही तोंड वेडंवाकडं केलं आणि तिच्या सुरात सूर मिळवून “आई” म्हणून ओरडला. डोळे कोरडे ठणठणीत. आरतीला उभं राहिल्यावर कुणी गप्प राहतं का, तसा तो म्हणत होता.

पण म्हणत होता तर खरं. मी जरीकाठीला ऐकू जाईल अशा बेताने सुस्कारा सोडला. “तो माझा आवाज,” म्हटलं.

हळूहळू रडं ओसरलं. बाईंनी ठोकळे काढले असावेत. बायका एकेक करून निघायच्या बेतात होत्या, तेवढ्यात खिडकीतून हाक आली. रडकी नव्हती, मोठीही नव्हती.

“वहिनी.”

मी झाडाच्या पानांकडे बघितलं.

“वहिनी, ये ना लवकर.”

जरीकाठी माझ्याकडे बघू लागली. आता वळले तर दोन महिन्यांचं केलेलं पाण्यात. म्हटलं, ठरलंय ना आपलं, शाळेत काय म्हणायचं ते? आठवेल त्याला. पोर हुशार आहे. मी उभी राहिले. फार वेळ नाही. पण पुरेसा.

बाई दारात आल्या. “वहिनी कोण आहे?” त्यांनी विचारलं. “नाडीला गाठ बसलीय. दुसऱ्या कुणालाही हात लावू देत नाही.”

“मी,” मी म्हटलं. मग घाईघाईने म्हटलं, “आईपण मीच.”

“मग आधीच यायचंत,” बाई म्हणाल्या. ह्या वेळी वाक्याच्या शेवटी त्या थांबल्या नाहीत.

आत गेले तेव्हा त्याच्याभोवती पाण्याचं तळं झालं होतं आणि तो त्याच्या मधोमध गंभीरपणे उभा होता. एक छोटं पोर हातात मावेल अशा झाडूने ते पाणी भिंतीकडे लोटत होतं. मी गुडघ्यावर बसून दातांनी गाठ सोडवली.

“तू ओ का दिली नाहीस?” त्याने विचारलं.

“काय म्हणायचं ठरलं होतं शाळेत?”

त्याने क्षणभर विचार केला. “ते नंतर म्हणणार होतो,” तो म्हणाला. “आधी शू होती.”

त्याला बाईंनी दिलेला पंचा गुंडाळून मी बाहेर आले. जरीकाठी अजून तिथेच होती. तिने पंच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने बोलायची गरज नव्हती, आणि मलाही आता ते तयार वाक्य पुन्हा वापरता येण्यासारखं नव्हतं. फाटकापर्यंत तो मला “आई, हळू चाल, आई, पंचा सुटतोय” असं नियमाप्रमाणे अगदी नेटकं म्हणत आला. कोपरा वळला, शाळा दिसेनाशी झाली, तसा म्हणाला, “वहिनी, भूक लागली.”

पुढे कॉलेजात जाईपर्यंत त्याने हा नेम पाळला. शाळेच्या फाटकाच्या आत आई, बाहेर वहिनी. मी मागितलं ते मला मिळालं, अगदी मापात, तसूभरही जास्त नाही. धाकटी मुलगी झाली तिने भावाकडून थेट वहिनीच उचललं आणि मी हूं की चूं केलं नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मुलाच्या कमरेचा पंचा आणि माझ्या हातातली चड्डी त्यांनी बघितली, पण विचारलं दुसरंच.

“काय गं, म्हणाला का आई?”

“म्हणाला,” मी म्हटलं.

“मोठ्याने?”

“मोठ्याने.”

“लोकांनी ऐकलं?”

“ऐकलं.”

“मग झालं तर.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. “आई” म्हणत तो त्यांच्या मांडीत जाऊन बसला, आणि त्यांनी त्याच्या पंच्याची गाठ नीट करत विचारलं, “आणि ही चड्डी कुणी रे ओली केली, बाळा?”

“वहिनीने,” तो म्हणाला.

मी चड्डी घेऊन विहिरीवर गेले.